शाळेचे पाच आणि स्टेशनचे पाच

ठाण्याच्या इंग्रजी शाळेने मला काढून टाकले, आणि पुढे वीसएक वर्षांनी त्याच शाळेच्या नव्या इमारतीच्या तुळया माझ्या वखारीतून गेल्या. या दोन गोष्टींच्या मधली हकीकत लोक आपापल्या सोयीने सांगतात. ठाण्याची वकीलमंडळी सांगतात की कल्याणचा एक लाकूडवाला अडून बसला आणि त्याने शाळेची वेळ फिरवली. ते खरे आहे. पण तो का अडून बसला हे ते सांगत नाहीत, आणि त्या सौद्यात लाकूडवालाच फसला हे त्यांच्यापैकी एकालाच ठाऊक आहे. तो सांगणार नाही. म्हणून मी लिहितो.

माझे वडील कल्याण स्टेशनात सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची तो दांडा ओढण्याचे काम त्यांचे. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. कल्याणात तेव्हा मराठी शाळा होती, आणि एक पेन्शनीत निघालेले कारकून आपल्या ओटीवर इंग्रजीची पहिली दोन पुस्तके शिकवीत. त्यापुढे शिकायचे तर ठाणे गाठावे लागे. रेल्वेच्या नोकरांच्या मुलांना पास मिळतो हे आबांना कोणीतरी सांगितले. फुकटचा पास वाया का घालवायचा, एवढ्याच विचाराने त्यांनी मला इंग्रजी शिकवायचे ठरवले. विद्येची थोरवी वगैरे आमच्या घरात कोणी बोलत नसे.

शाळा म्हणजे तलावापासून आत गेलेल्या एका गल्लीत भाड्याने घेतलेले दुमजली घर. सुरुवातीला तिथे इंग्रजी तिसरीपर्यंतच वर्ग होते. मग एक मास्तर वाढले तशी चौथी निघाली, आणि मी गेलो त्या वर्षी पाचवी. वर्ग वाढले तरी खोल्या तेवढ्याच होत्या. मग मधे बांबूच्या तट्ट्या उभ्या करत. तट्टीच्या अलीकडे आम्ही त्रैराशिक सोडवायचो आणि पलीकडून पानिपतची लढाई ऐकू यायची. गणितात माझे लक्ष लागत नसे. सदाशिवरावभाऊ पुढे काय करतात याची उत्सुकता असे, आणि नेमक्या त्या ठिकाणी आमचे मास्तर फळ्यावर खडू आपटत.

शाळा अकराला भरे आणि पाचला सुटे. माझी गाडी ठाण्याला पोचे तेव्हा स्टेशनच्या घड्याळात अकराला वीस कमी असत. मी धावत शाळेत जाई, आणि पहिल्या दिवशी बघतो तर दार बंद. शिपाई ओट्यावर तंबाखू मळत बसलेला.

"काय रे, झाडायला आलास का?" तो म्हणाला.

"अकरा वाजत आले ना?"

"कुठले अकरा? आत्ता सव्वादहाचा सुमार. कचेरीचा टोल ऐकल्याशिवाय इथं काही वाजत नाही."

असा मला पहिल्यांदा शोध लागला की जगात अकरा दोन असतात. आगगाडीची कंपनी आपली सगळी घड्याळे मद्रासच्या वेळेने चालवी. गाव चाले सूर्यावर, म्हणजे कचेरीच्या टोलावर. दोहोंत अर्ध्या तासाचा फरक. स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या की माणूस अर्धा तास मागे येई. स्टेशनापासून तीन वाड्या टाकून राहणारा वाणीसुद्धा "गाडीचे पाच की गावचे पाच?" असे विचारल्याशिवाय वेळ सांगत नसे. ठाण्याच्या लोकांना त्याचे काही वाटत नव्हते. मला मात्र या गोष्टीने पछाडले.

रोज सकाळी पाऊण तास मोकळा असे. तेवढ्यात मी कचेरीपाशी जाऊन उभा राही. टोल देणाऱ्या पहारेकऱ्याला मी विचारले, "तुम्हाला कसं कळतं?" तो म्हणाला, खजिन्याच्या खोलीत घड्याळ आहे. त्या घड्याळाला कसं कळतं? ते साहेब लावतात. साहेबांना? तेव्हा त्याने मला आवारातला दगडी खांब दाखवला. त्याच्या सावलीवरून बारा ठरत. "आणि सावलीला कोण सांगतं ते मला विचारू नकोस," तो म्हणाला, "माझी नोकरी जाईल."

भूगोलाला आम्हाला एक तरुण मास्तर होते. नुकतेच पुण्याहून आलेले, अंगाने किडकिडीत, आवाज बारीक. मी त्यांना वर्गात उभे राहून विचारले की मद्रासची वेळ पुढे का? दुसऱ्या एखाद्याने खाली बसवले असते. त्यांनी दुसऱ्या दिवशी एक पेरू आणला, त्याला दोन लवंगा टोचल्या, एक मद्रास आणि एक ठाणे, आणि खिडकीतल्या उन्हात तो पेरू हळूहळू फिरवला. मद्रासच्या लवंगेवर ऊन आधी पडले.

मी म्हटले, "मग मास्तर, कल्याणपण ठाण्याच्या पुढे असणार."

"असणारच. पूर्वेला आहे ना."

"कितीनं?"

त्यांनी नकाशावर बोटाने मोजले, मनाशी आकडेमोड केली. "अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त."

मागून कोणीतरी ओरडले, "तरीच कल्याणकर येताना धापा टाकत येतो!" सगळे हसले, मास्तरही हसले. तास संपल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलाने पेरू मद्रासच्या बाजूने खायला सुरुवात केली. मला मात्र त्या अर्ध्या मिनिटाचा अभिमान वाटला, आणि खरे सांगायचे तर अजूनही वाटतो.

सकाळची भानगड गमतीची होती. संध्याकाळची नव्हती. कल्याणला परतणारी गाडी स्टेशनच्या पाच पंचविसाला सुटे. तेव्हा गावचे पाचला पाच कमी असत. म्हणजे शाळा सुटण्याच्या आधी पाच मिनिटे गाडी निघून जाई, आणि शाळेपासून स्टेशन पंधरा मिनिटांच्या वाटेवर. पुढची गाडी थेट अंधार पडल्यावर. त्यामुळे मला शेवटच्या तासाला मधेच उठावे लागे. शाळेचा नियम असा की दुसरी हजेरी शेवटची घंटा होता होता घ्यायची, मुले आधी पळू नयेत म्हणून. मी रोज सकाळी हजर आणि रोज संध्याकाळी गैरहजर. हजेरीच्या कॅटलॉगात माझ्या नावापुढे अर्ध्या दिवसांची रांग लागली. शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांच्या वार्षिक तपासणीला ज्यांची हजेरी भरलेली असेल तीच मुले बसत, आणि जो बसणार नाही तो वर चढणार नाही. वर्गात माझा नंबर तिसरा होता. ज्याची हजेरी पुरी भरलेली होती तो शेवटचा मुलगा शब्दाच्या दोन्ही टोकांना कॅपिटल अक्षर काढायचा.

तेव्हाचे हेडमास्तर करारी गृहस्थ होते. शाळा त्यांनीच उभी केली होती, हे मी नाकारत नाही. मी त्यांच्यापुढे जाऊन म्हटले की वीस मिनिटांची सवलत द्या, किंवा माझी हजेरी आधी घ्या.

ते म्हणाले, "शाळा गावासाठी आहे. रेल्वे कंपनीसाठी नाही."

"मग मी कुठल्या गावचा?"

"ते तू ठरव," ते म्हणाले आणि त्यांनी दौतीत टाक बुडवला.

मी स्वभावाने तापट. तो ताप आबांकडून आलेला नाही. आबा शांत होते. कुठून आला देव जाणे. चार दिवस मी मनात घोळवले आणि पाचव्या दिवशी, शेवटचा तास सुरू होऊन दहा मिनिटे झाली असताना, पाणी प्यायला म्हणून बाहेर आलो. शिपाई चुना आणायला नाक्यावर गेलेला. घंटा म्हणजे तुळईला टांगलेला रुळाचा एक तुकडा होता, आणि शेजारी लाकडी मोगरी. रूळ तर आमच्याच खात्याचा! मी मोगरी उचलली आणि शाळा सुटल्याची घंटा दिली, चांगली लांबलचक. तट्ट्या पडायच्या राहिल्या एवढेच. पाचही वर्ग एका दमात रस्त्यावर आले, आणि मी त्यांच्या पुढे स्टेशनकडे पळालो.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मास्तरांसमोर उभे केले.

"घंटा कोणी दिली?"

"मी."

"का दिलीस?"

"पाच वाजले होते."

"कुठल्या घड्याळात?"

"ठाण्याच्याच. ठाणे स्टेशनाच्या."

भूगोलाच्या मास्तरांनी खाली मान घातली. ते हसू दाबत होते की लाजत होते हे मला कळले नाही. माझ्या बाजूने ते एक शब्द बोलले नाहीत, हे मात्र कळले. हेडमास्तरांनी मोठे रजिस्टर काढायला सांगितले. ते समोर ठेवून माझे नाव कमी केले गेले आणि शेवटच्या रकान्यात, जिथे मुलगा शाळा का सोडतो त्याचा शेरा लिहितात, तिथे काहीतरी लिहिले गेले; टाक कोणाच्या हातात होता हे रागाच्या भरात माझ्या ध्यानात आले नाही. मला वाचता आले नाही. रजिस्टर माझ्याकडे उलटे होते. दाखला मागितला तर म्हणाले, वडिलांना पाठव.

आबा गेले नाहीत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "माझं घड्याळ पाच मिनिटं चुकलं तर दोन गाड्या एकमेकींवर चढतात. त्यांचं अर्धा तास चुकतं, तर काय चढतं?"

मी म्हटले, "काही नाही."

"मग त्यांना समजायचं नाही," आबा म्हणाले, आणि दुसऱ्या सोमवारी मला खाडीजवळच्या एका लाकडाच्या वखारीत चिकटवून आले.

वखारीत मी लाकूड ठोकायला शिकलो. मुरबाड-शहापूरच्या रानातून गाड्या येत. ओंडका वरून कितीही देखणा असो, मोगरीने ठोकल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. भरीव लाकूड खणखणीत बोलते. आत वाळवीने पोखरलेले असेल तर आवाज बसका येतो. आमचे मालक म्हणत, जी वस्तू पाहिली नाही, ठोकली नाही, तिची किंमत बोलायची नाही. बोलला तो मेला. मी हे इतके मनावर घेतले की दहा वर्षांत दलाल माझ्यापुढे तोंड उघडायला कचरू लागले, आणि पुढे मालकांनी वखार विकायला काढली तेव्हा ती मीच घेतली. भांडखोर म्हणून माझी ख्याती झाली ती तेव्हापासून. मी नाकारत नाही. पण पोखरलेला माल मी कधी घेतला नाही आणि दिलाही नाही.

या सगळ्या काळात त्या शाळेवरून माझी नजर कधी हटली नाही. ठाण्याला कामाने गेलो की वाट वाकडी करून गल्लीतून जात असे. माझे मलाच आश्चर्य वाटे. ज्या घराने हाकलले त्याच्या खिडक्या मोजायला माणूस का जातो? एकदा बघतो तर तट्ट्या जाऊन फळ्यांच्या भिंती आलेल्या. एकदा शाळाच नाही, कुलूप. चौकशी केली तर जागा बदललेली, नाक्याजवळच्या मोठ्या घरात गेलेली, सहावी निघालेली. मग सातवी निघाली आणि पहिली मुले मॅट्रिकला मुंबईस गेली. जुने हेडमास्तर वारले. भूगोलाचे मास्तर हेडमास्तर झाले. घंटा मात्र नव्या जागीही कचेरीच्या टोलानेच होत होती. ते मी दर वेळी खिशातल्या घड्याळाशी ताडून बघत असे.

माझा थोरला मुलगा त्याच शाळेत घातला. दुसरी शाळा होती कुठे? आता कल्याणहून आठ मुले जात होती, आणि डोंबिवलीच्या स्टेशनात दोन चढत. गाड्यांच्या वेळा इकडच्या तिकडे झाल्या होत्या, पण संध्याकाळची पाच पंचविसाची तशीच होती. मधली बरीच वर्षे मास्तर कल्याणच्या मुलांच्या लवकर उठण्याकडे कानाडोळा करत. मग शाळेच्या कमिटीने नियम केला की ज्याची दोन्ही वेळची हजेरी भरेल त्याच्याच मॅट्रिकच्या फॉर्मवर सही होईल. मुलगा सहावीत होता. एके दिवशी तो घरी आला आणि मला म्हणाला, "अप्पा, माझी संध्याकाळची हजेरी लागत नाही."

मी जेवत होतो. हातातला घास ताटात ठेवला. बायको म्हणाली, "आता तुम्ही जाऊन घंटा बडवू नका म्हणजे झालं."

मला जावे लागले नाही. त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळावालेच माझ्याकडे आले. शाळा स्वतःची इमारत बांधत होती, जोती झाली होती, आणि पावसाच्या आत छप्पर चढवायचे तर सागवानी तुळया हव्या होत्या. तशा लांब तुळया त्या वर्षी फक्त माझ्याकडे होत्या. कमिटीचे अध्यक्ष, ठाण्याचे एक नामांकित वकील, आणि त्यांच्याबरोबर हेडमास्तर, माझ्या वखारीत येऊन खाटेवर बसले. हेडमास्तरांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखले. वकिलांनाही सगळे सांगून आणलेले दिसले.

"शेठ," वकील म्हणाले, "शाळेचं काम आहे. पुण्याचं काम."

"पुण्याची लाकडं त्या पलीकडच्या ढिगात आहेत," मी म्हटले. "जरा वाकडी आहेत."

ते मोठ्याने हसले. हसणारा वकील बघून मी सावध झालो. मी सांगितले की तुळया मी खरेदीच्या भावात देतो, वर काही नको. पण दोन अटी. एक, शाळा स्टेशनच्या वेळेने भरेल आणि सुटेल. दोन, जुन्या रजिस्टरात माझ्या नावापुढे जो काही शेरा आहे तो कमिटीने खोडायचा आणि खरे कारण लिहायचे: गाडी.

वकिलांनी ओठ मिटले. "पहिलं शक्यच नाही. सगळं ठाणं कचेरीच्या टोलावर जेवतं. आठ-दहा मुलांसाठी दीडशे घरांच्या चुली अर्धा तास आधी पेटवायच्या?"

"आठ-दहाच आहेत, कारण बाकीच्यांनी नाद सोडला."

"आणि दुसरं," ते हळू आवाजात म्हणाले, "दुसरं तर त्याहून कठीण. रजिस्टर म्हणजे शाळेचा दस्तऐवज. त्यात खाडाखोड करायची! पण तुमच्या मनाला ते लागलंय हे मला दिसतं. माणसाच्या नावाचा प्रश्न आहे. मी कमिटीत शब्द टाकीन, वाईटपणा घेईन. शेरा बदलून देतो. वेळेचं मात्र सोडा."

हेडमास्तर उठून एका ओंडक्यापाशी गेले होते आणि त्याच्यावरची मातीची रेघ नखाने खरवडत होते. पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

मी खोटे बोलणार नाही. माझा जीव त्या शेऱ्यात होता. वीस वर्षे मी तो मनात वाचत आलो होतो. कधी तिथे 'गैरवर्तन' लिहिलेले दिसे, कधी 'उद्धट', आणि तापात असलो की त्याहून वाईट. वकील तो शब्द पुसून द्यायला तयार होते. मी वखारीच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मुलगा डोळ्यांपुढे होता.

"वेळ द्या," मी म्हटले. "शेरा राहू द्या."

"नक्की?"

"मी रजिस्टरावरचा हक्क सोडला. तुम्ही टोलावरचा सोडा."

वकिलांनी फार मोठे काहीतरी गमावल्यासारखा सुस्कारा टाकला आणि हात पुढे केला. मी त्यांच्या हातावर हात मारला. मनात म्हटले, बघा, सांधेवाल्याचा मुलगा तुमच्याहून मोठ्या मनाचा निघाला. त्या समाधानात मी सगळा पावसाळा काढला.

पावसाळा संपला आणि नवी इमारत भरली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम मुलांबरोबर गाडीने गेलो. साडेदहाच्या पुढे कोपरीकडची मिठागरे दिसू लागली तशी मुलेही माझ्याकडे बघून हसू लागली. शाळेत पोचलो तर अकराला दहा कमी, आणि शाळेत कोणी नाही. सात वर्ग, नवे बाक, भिंतींना चुन्याचा वास, आणि माझ्या तुळयांखाली कल्याणची आठ आणि डोंबिवलीची दोन मुले. वेळ बदलल्याची नोटीस आठवडाभर दारावर होती. गावाने ती वाचली होती, मानही डोलावली होती, आणि त्या दिवशी सवयीप्रमाणे टोल ऐकून भात लावला होता.

अकराला पाच कमी असताना हेडमास्तर घामाघूम होऊन आले. छत्री काखेत, पागोटे एका बाजूला कललेले.

"मास्तर, तुम्ही तरी वेळेवर आलात."

"मी भूगोल शिकवतो," ते म्हणाले. मग इकडे तिकडे पाहिले. "शिपाई आलेला दिसत नाही. तोही कचेरीच्या टोलावरचाच. आता घंटा कोण देणार?"

मी टांगलेल्या रुळाकडे पाहिले.

"द्या तुम्हीच. तुम्हाला सवय आहे."

रुळाचा तुकडा तोच होता, जुन्या घरातून आणलेला. मोगरी नवी होती. मी अकराची घंटा दिली. रस्त्यावरून जाणारा एक भटजी थांबून आकाशात सूर्य शोधू लागला.

ठाण्याची मुले एकेक करून येऊ लागली तेव्हा कल्याणची मुले इतिहासात बरीच पुढे गेली होती. शेवटच्या मुलाबरोबर त्याची आईच आली आणि दारातून ओरडली, "अहो मास्तर, पोरानं अर्धा भात टाकलाय! मद्रासवाल्यांना सांगा, जेवून घंटा द्या म्हणावं." हेडमास्तरांनी त्या दिवशी कोणालाच गैरहजर मांडले नाही. मी तिथे असतो तर मांडायला लावले असते, पण मी ऑफिसात होतो. आपला शेरा एकदा नुसता बघावा, एवढी इच्छा राहिली होती. बदलायचा नाही, हक्क सोडला होता. फक्त काय लिहिले आहे ते वाचायचे.

हेडमास्तर आत आले तेव्हा मी तसे म्हटले. ते खुर्चीवर टेकले. पागोटे काढून टेबलावर ठेवले.

"बघणार कसं?" ते म्हणाले. "ते रजिस्टर नाही."

"नाही म्हणजे?"

"आधीच्या घरात माळ्यावर पेटी होती. वाळवीनं खाल्ली. झाकण उघडलं तर आत नुसती माती. चारपाच वर्षं झाली असतील."

मला आधी हसू आले, मग कानशिले तापली. "वकीलसाहेबांना माहीत होतं?"

"पेटी जाळून टाका म्हणून त्यांनीच सांगितलं."

"आणि तुम्ही माझ्या वखारीत बसून ओंडका खरवडत होतात!"

"मी सांगायला उठलोच होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही रजिस्टर मागत राहिला असता, तर आम्ही काय देणार होतो? तुम्ही वेळ मागितली. ती देण्यासारखी होती. मग मी कशाला बोलू?"

वीस वर्षे लाकूड ठोकून घेणारा मी, आणि न पाहिलेल्या, न ठोकलेल्या कागदावर हक्क सांगत बसलो. शिवाय तो मोठ्या मनाने सोडूनही दिला. आणि पोखरले कोणी, तर वाळवीने! दुसऱ्या कोणी असा सौदा केला असता तर मी त्याला वखारीत उभे केले नसते.

"बरं, एवढं तरी सांगा," मी म्हटले. "तुम्ही त्या दिवशी तिथे होतात. शेऱ्यात काय लिहिलं होतं?"

"लिहिलं तर मीच होतं. हेडमास्तरांचं अक्षर वाईट, म्हणून माझ्याकडून लिहवून घेत."

"काय?"

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले. प्रामाणिकपणे पाहिले, हे मला त्यांच्या कपाळावरून दिसत होते.

"नाही आठवत," ते म्हणाले. "वर्षाला बरीच नावं कमी व्हायची हो. पेरू मात्र आठवतो."

मुलाची हजेरी त्या वर्षी दोन्ही वेळची भरली आणि पुढच्या वर्षी त्याच्या फॉर्मवर हेडमास्तरांची सही झाली. ठाण्याच्या घरांतून आधी कुरकुर झाली, मग चुली अर्धा तास आधी पेटू लागल्या. कल्याण-डोंबिवलीची मुले पुढे इतकी वाढली की शेवटचा तास सुटला की स्टेशनच्या रस्त्याला रांग लागे. शाळा कोणामुळे वाढली याचे वकीलमंडळी दरवर्षी गॅदरिंगला भाषण करतात. मी मागच्या बाकावर बसून ऐकतो आणि वर तुळयांकडे बघतो.

मुले वाढली म्हणून शाळेने मागे नव्या खोल्या काढल्या, त्यांच्या दारे-खिडक्यांचे लाकूड बाकी होते. त्यासाठी तेच वकील पुन्हा वखारीत आले, त्याच खाटेवर बसले. या वेळी त्यांनी आपणहून सुरुवात केली. म्हणाले, "शेठ, कमिटीनं तुम्हाला सभासद करायचं मनावर घेतलंय. ठरावसुद्धा लिहून झालाय."

मी चहा मागवला आणि म्हटले, "ठराव घेऊन या. आधी बघतो."

ठराव अजून आलेला नाही. लाकूडही अजून माझ्याकडेच आहे. पावसाळ्यात मुलांनी खिडक्यांना गोणपाट लावले, ते मी रस्त्यावरून जाताना पाहिले.